शेषगिरिदासांचा होकार

१

गुरुवारी दिवेलागणीला शेषगिरिदास गेले, आणि शुक्रवारी माझी सकाळची कॉफी उकळायच्या आत त्यांच्या नर्सला पोलिसांनी नेलं.

बातमी घेऊन आला तो त्यांचा शिष्य रंगस्वामी. चपला न काढताच पायरीवर बसला.

"नंजुंडण्णा, लूर्दम्मानं मारलं म्हणे गुरुजींना. दुखण्याचं औषध. एका दुपारात चार मापं. डॉक्टर म्हणाले, श्वासच झोपला."

"कोण म्हणतंय मारलं?"

"सगळे. मीसुद्धा म्हणत होतो. पण रात्रभर विचार केला, आणि आता नाही म्हणत."

ज्या माणसाने चाळीस वर्षं हातात चिपळ्या घेऊन, हरिकथा-कीर्तनं करून सगळ्या म्हैसूरला रडवलं आणि हसवलं, त्याचं शरीर एकेक अवयव करत दोन वर्षांत निकामी झालं होतं. पाय गेले, हात गेले, मग तो आवाज गेला. राहिले होते फक्त डोळे. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने पलंगाशी एक पडदा आणि एक छोटा कॅमेरा लावून दिला होता. दासांनी पडद्यावरच्या ज्या खान्याकडे दोन सेकंद बघितलं, तो शब्द यंत्र मोठ्याने बोलायचं. आधी अक्षरं होती. शेवटच्या महिन्यात तीही झेपेनात, म्हणून दोनच खाने ठेवले. वर 'हो' आणि खाली 'नको'.

मी नेत्र-रुग्णालयात अडतीस वर्षं लोकांच्या चष्म्याचे नंबर काढले. निवृत्तीनंतर त्या प्रयोगशाळेच्या समितीवर बाहेरचा सभासद म्हणून मला घेतलं. माणसांवर प्रयोग करताना त्यांची संमती खरी आहे ना, एवढंच आम्ही बघायचं.

ठाण्यात इन्स्पेक्टर मादप्पांनी मला दहा मिनिटं दिली. लूर्दम्मा बाकावर बसली होती. अंगावर कालचीच पांढरी साडी होती आणि हातात जपमाळ, पण मणी हलत नव्हते.

"सर, मी दर वेळी विचारलं," ती म्हणाली. दासांना ती अज्जा म्हणायची, म्हणजे आजोबा. "दुपारपासून अज्जांच्या डोळ्यांना नुसती धार. मी म्हटलं, अज्जा, दुखतंय का? मशीन म्हणालं, हो. औषध देऊ? हो. तासाने पुन्हा विचारलं, पुन्हा हो. चार वेळा. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलंय, मागितलं तर तासाला एक, दिवसाला चार. पाचवं मी दिलं नाही. अकरा वर्षं हे काम करतेय, सर. न विचारता मी कुणाला घोटभर पाणीसुद्धा पाजत नाही."

"याआधी कधी मागितलं होतं त्यांनी?"

तिने जपमाळ मुठीत मिटली. मग हळूच म्हणाली, "एकदाही नाही."

मादप्पांनी ते ऐकलं. वडीलधाऱ्या माणसाला ते आदराने यजमान म्हणायचे. "काय यजमान, कळलं ना? दोन महिन्यांत एक थेंब नाही आणि एका दुपारात चार मापं. शिवाय मशीन 'हो' म्हणालं याला साक्षीदार कोण? हीच. पडद्यासमोर कोण बसलं होतं? हीच. मुक्या म्हाताऱ्याच्या जागी हिनंच डोळा लावला नसेल कशावरून?"

"कशासाठी लावेल?"

"सेवा करून कंटाळलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत. उद्या दुपारी तिला न्यायाधीशांपुढे उभी करतोय. खुनाचं कलम लागेल."

लूर्दम्माने फक्त एकदा वर बघितलं. तिची सासू आणि दोन मुली तिच्या पगारावर जगत होत्या, पण ती त्यांच्याबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "सर, त्यांनी खरंच मागितलं का, तेवढं शोधा. मला तेवढं कळायला हवं."

बाहेर पडता पडता मी फाटकाशी थांबलो. कारण गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी त्याच खोलीत होतो. एका कागदावर साक्षीदार म्हणून सही केली होती. त्या सहीमुळेच गुरुवार दुपारपासून दासांच्या डोळ्यांचं चित्रीकरण सुरू झालं होतं.

म्हणजे पडद्याकडे बघणारा डोळा कुणाचा होता, हे त्या यंत्रात जसंच्या तसं पडून होतं.

२

सरस्वतीपुरममधल्या दासांच्या घरी पोचलो तर माझ्याआधीच कुणीतरी त्या यंत्रासाठी येऊन उभं होतं.

"अक्का, पाच मिनिटांचं काम आहे. हा संगणक प्रयोगशाळेचा. मी नेतो, तुम्हाला त्रास नको." प्रयोगशाळेचा संशोधक डॉक्टर सुमुख हेब्बार दारात उभा होता. तेहतीस-चौतीसचा, मऊ बोलणारा. डोळे सुजलेले. दासांवर याचं प्रेम होतं, हे मी स्वतः बघितलेलं. दर सोमवारी मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा आणून त्यांच्या उशाशी ठेवणारा तो.

दासांची मुलगी वैजयंती उंबरठ्यावर आडवी उभी होती. "सुमुख, आमच्याकडे दहावा होईपर्यंत गेलेल्या माणसाच्या खोलीतली काडीसुद्धा हलवत नाहीत. तुझा संगणक असो की राजाचं सिंहासन."

"अक्का, त्यात संशोधनाची माहिती आहे, ती खराब..."

"अप्पा खराब झाले, ते चाललं तुला?"

तो एक पाऊल मागे सरला. मला बघून चेहरा सावरला. "सर, तुम्ही तरी समजावा."

मी म्हटलं, "तू प्रयोगशाळेत थांब. मी दुपारी येतो."

तो गेल्यावर वैजयंती पायरीवर बसली. तिच्यासमोर निवलेल्या कॉफीचे दोन पेले होते. दुसरा कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

"नंजुंडण्णा, मी घरी नव्हते," ती म्हणाली. "सगळं माझ्या पाठीमागे झालं. दीड वाजता मी त्यांना विचारलं, अप्पा, मी जरा माझ्या घरी जाऊन येऊ? चार दिवस मुलांना बघितलं नाही. मशीन म्हणालं, हो. मी आनंदाने गेले. अप्पांनी स्वतः जायला सांगितलं असं मनात म्हणत गेले."

"याआधी विचारलं की काय म्हणायचे?"

"नको. नेहमी नको. मी चिडायची. एकदा देवाला म्हणालेही, आता यांना सोडव. ते तुम्ही मादप्पांना सांगा हवं तर."

रंगस्वामी खांबाला टेकून ऐकत होता. तो एकदम म्हणाला, "मग माझंही सांगा. चार वाजता रेडिओवर हरिकथा लागली. गुरुजींच्याच गुरूंची, जुनी. मी म्हटलं, ठेवू की बंद करू? बंद करू? मशीन म्हणालं, हो. नंजुंडण्णा, त्या माणसानं जन्मात कधी कथा अर्ध्यावर सोडली नाही, आणि मी बटण फिरवलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मला वाटलं, ऐकवत नाही म्हणून."

"तुझ्यावर राग होता त्यांचा?"

"होता की! माझ्या तालाला ते बैलगाडी म्हणायचे. चिपळ्या मला देणार नाहीत म्हणायचे. म्हणून काय मी त्यांना मारीन? ज्यांनी शिव्या देऊन शिकवलं त्यांच्या शिव्यांनाच तर मी आता मुकलो."

मी दोघांकडे बघत राहिलो. एका दुपारात मुलीला 'जा', कथेला 'बंद' आणि औषधाला 'दे'. जगाशी सगळे धागे माणूस एकेक करून तोडतो, तसंच दिसत होतं हे. कथेतसुद्धा असे भक्त येतात, प्रस्थान ठेवण्याआधी सगळ्यांचा निरोप घेणारे.

पण ते हसत जातात. दास रडत का होते?

३

दुपारी माझ्या फोनवरून मादप्पा आले, त्यांच्यासमोर रंगस्वामीने संगणक सुरू केला. तो यंत्र चालवायला थोडंफार शिकला होता. वैजयंतीची अट एकच होती, खोलीतून काही बाहेर जायचं नाही. म्हणून आम्ही चौघं त्या रिकाम्या पलंगाशी दाटीने उभे राहिलो.

पडदाभर एकच डोळा आला. काळापांढरा, प्रचंड मोठा. बुबुळाच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता.

वैजयंतीने तोंडावर पदर धरला. "लहानपणी उसाचं पातं लागलं होतं. अप्पाच."

मादप्पा वाकून बघत होते. खाली घड्याळ चालत होतं, आणि यंत्र जो शब्द बोललं तो त्या त्या क्षणी कोपऱ्यात उमटत होता. दोन वाजून दहा मिनिटं, 'हो'. तीन वाजून बारा, 'हो'. चार पंधरा, 'हो'. पाच वीस, 'हो'. चारही वेळा तोच डाग होता.

"म्हणजे लूर्दम्मा खोटं बोलली नाही," मी म्हटलं.

"नाही बोलली." मादप्पांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "पण सुटलीही नाही, यजमान. म्हातारा मरण मागत होता आणि हिनं दिलं. जन्मात न मागणारा माणूस एका दिवसात चार वेळा मागतो, तेव्हा नर्सनं डॉक्टरला फोन करायचा असतो. खुनाचं कलम जाईल, दुसरं येईल. तुरुंग तोच."

वैजयंती खाली बसली. तिचा आवाज अगदी सपाट झाला होता. "म्हणजे अप्पांना जायचंच होतं. आणि मला मुद्दाम बाहेर पाठवलं."

 मी पडद्याकडेच बघत राहिलो. रंगस्वामीने चित्र पाच वीसवर थांबवलेलं होतं, शेवटच्या 'हो'वर.

अडतीस वर्षं मी हेच केलं. वर बघा, खाली बघा, उजवीकडे, डावीकडे. माणसांची नावं विसरलो, पण डोळे विसरलो नाही. त्या थांबलेल्या डोळ्यात काहीतरी माझ्या हाताला टोचत होतं, जसं चष्म्याची काच उलटी बसली की बोटांना आधी कळतं, मग डोळ्यांना.

"रंगस्वामी," मी म्हटलं, "माझ्यासमोर उभा राहा. मान हलवू नकोस. आढ्याकडे बघ."

"आता काय माझा नंबर काढताय?"

"बघ म्हणतो ना."

त्याने वर बघितलं. वरची पापणी उघडली, बुबुळाच्या वर पांढरं दिसू लागलं.

"आता माझ्या पायांकडे."

त्याने खाली बघितलं. पापणी डोळ्यापाठोपाठ खाली आली आणि अर्धं बुबुळ झाकलं. प्रत्येक माणसाची येते. राजाची आणि भिकाऱ्याची सारखीच. खाली बघताना पापणी खाली येते, तिला कुणी शिकवावं लागत नाही.

"मादप्पा," मी म्हटलं, "हा पडदा बघा. वर कोणता खाना आहे?"

"हो."

"आणि हा डोळा बघा. पापणी कुठे आहे?"

पापणी खाली होती. चारही वेळा खाली होती. यंत्र 'हो' म्हणत होतं, आणि शेषगिरिदास 'नको'कडे बघत होते.

४

पुढचा अर्धा तास त्या खोलीत कुणी धड बसलं नाही. मी एकेक प्रसंग शोधून बघायला लावला. दीड वाजता, मुलीने विचारलं, "जाऊ?" यंत्र म्हणालं, 'हो'. पापणी खाली. वैजयंतीने ते बघितलं आणि देवघरात जाऊन दार लावून घेतलं. चार वाजता, रेडिओ. पापणी खाली. रंगस्वामी भिंतीवर कपाळ आपटत होता, त्याला मादप्पांनी दंडाला धरून बसवलं.

"यंत्र बिघडलं होतं तर," मादप्पा म्हणाले.

"बिघडलेलं यंत्र कधी चुकतं, कधी बरोबर येतं. हे एकदाही चुकलेलं नाही. प्रत्येक वेळी बरोबर उलट. हे बिघडलं नव्हतं, उलटं शिकवलं गेलं होतं."

ते कसं, हे मला समजावून सांगावं लागलं. प्रत्येकाचा डोळा वेगळा, म्हणून यंत्राला आधी त्याची ओळख करून द्यावी लागते. पडद्यावर एकेक ठिपका येतो, माणूस त्याच्याकडे बघतो, आणि यंत्र लक्षात ठेवतं की ठिपका वर असताना हा डोळा असा दिसतो, खाली असताना तसा. आता कुणी पडद्यावर ठिपका खाली दाखवला आणि यंत्राला सांगितलं की तो वर आहे, तर ते बिचारं तेच खरं मानणार. त्यानंतर तो माणूस जन्मभर खाली बघत 'नको' म्हणेल आणि यंत्र 'हो' म्हणत राहील.

"ही ओळख शेवटची कधी करून दिली, ते यंत्रात असतं?" मादप्पांनी विचारलं.

रंगस्वामीने डोळे पुसत शोधलं. "आधीची तीन आठवड्यांपूर्वीची. लूर्दम्मा रोज ठिपके दाखवत नाही, गुरुजी थकतात म्हणून. जुनीच ओळख चालते. आणि त्यानंतरची..." तो थांबला. "गुरुवार. सकाळी दहा वीस."

"तेव्हा तू कुठे होतास?" मादप्पा म्हणाले.

"नंजुंडण्णांना आणायला गेलो होतो की, स्कूटर घेऊन! नंतर समितीच्या वकीलबाईंना रिक्षात बसवलं. पावणेअकराला आम्ही सगळे एकदम आत आलो."

ते खरं होतं. त्याच्या स्कूटरवर मागे मीच बसलो होतो. लूर्दम्मा गुरुवारी सव्वाअकराला कामावर आली, ती मी परत जाताना स्वतः फाटकात बघितली. देवघराचं दार उघडून वैजयंती बाहेर आली होती. तिने आतून सगळं ऐकलं असावं.

"मी स्वयंपाकघरात होते," ती म्हणाली. "पाहुण्यांसाठी उप्पिट करत होते. खोलीचं दार बंद होतं. सुमुख म्हणाला होता, अक्का, अज्जांना जरा शांतता हवी, समितीसमोर थकायला नकोत."

मादप्पा माझ्याकडे वळले. "पण त्या पोरानं म्हाताऱ्याला का मारावं?"

"मारायचंच नव्हतं त्याला," मी म्हटलं. "असं बघा. नर्स दुपारी औषधाचं विचारेल, हे सकाळी दहाला कुणाला ठाऊक होतं? दोन महिन्यांत तिने कधी विचारलं नव्हतं. मारायचं असतं तर हा आंधळा रस्ता कुणी धरला नसता. ज्याने हे केलं, त्याचं काम अकरा वाजताच संपलं होतं. त्याला फक्त एक 'हो' हवा होता. आणि त्या 'हो'खाली सही माझी आहे."

५

प्रयोगशाळेत हेब्बार खिडकीशी उभा होता. मला आणि मादप्पांना बघून त्याने खुर्च्या ओढल्या. शिपायाला कॉफी सांगायला निघाला, मी थांबवलं.

"सुमुख, दासांनी तुला महिन्यापूर्वी काय लिहून दिलं होतं? अजून अक्षरं जुळवत होते तेव्हा?"

त्याने खिडकीकडे तोंड वळवलं.

"मला ठाऊक आहे. मीही तिथे होतो. अर्धा तास लागला त्यांना. 'बोलायला कॅमेरा चालेल. चित्र साठवू नको. गाभाऱ्यात कॅमेरा नेत नाहीत.'"

"सर," तो म्हणाला, "यंत्र डोळा बघतं आणि विसरतं. आकडे उरतात. पण आकड्यांत काही नसतं! अज्जा स्वतःच्या जुन्या कथा ऐकायचे ना, त्या वेळी त्यांची बाहुली जशी फुलायची, तशी मी कुणाची बघितली नाही. कथेतला देव यायच्या क्षणभर आधी. आधी, सर! आवाज अजून आलेला नसायचा. ते साठवलं नसतं तर त्यांच्याबरोबर गेलं असतं. कथा सांगणाऱ्याच्या आत काय होतं, हे जगात कुणाकडे नाही."

"ते त्यांचं होतं."

"मी चार वेळा विचारलं. चार वेळा नको. समिती म्हणाली, संमती त्यांनी साक्षीदारांसमोर स्वतःच्या डोळ्याने द्यायला हवी."

"म्हणून तू ठिपका खाली दाखवलास."

मादप्पांनी वही काढली नाही. नुसते बघत राहिले.

"ठिपक्याच्या जागी चांदीचं कमळ," तो म्हणाला. "त्यांना आवडायचं. खालचं कमळ बघा अज्जा, म्हटलं. आता वरचं. बघितलं त्यांनी. माझ्यावर विश्वास होता."

मला गुरुवारची सकाळ डोळ्यांपुढे आली. वकीलबाई, मी, पलंगाच्या दोन्ही बाजूंना. सुमुखने मोठ्याने वाचलेला कागद. 'माझ्या डोळ्यांचं चित्र साठवायला माझी संमती आहे.' यंत्राचा 'हो'. वकीलबाईंनी काटेकोरपणे पुन्हा विचारलं, पुन्हा 'हो'. मग दासांच्या गालांवरून पाणी ओघळलं, आणि मी, हरिकथेत पहिल्या रांगेत बसणारा मी, हात जोडून म्हणालो, कृतार्थ झाले. दोन प्रश्न विचारले आम्ही, आणि दोन्हींचं उत्तर आम्हाला 'हो' हवं होतं. तुमचं नाव नंजुंडण्णा आहे का, असा, ज्याला 'नको'च यायला हवं, एक वेडा प्रश्न जरी कुणी विचारला असता, तरी त्या दुपारी कुणी मेलं नसतं.

"जुनी ओळख परत का नाही लावलीस?" मी विचारलं. "काम तर झालं होतं."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू उत्तर मलाच ठाऊक असायला हवं.

"सर, इथे प्रयोगशाळेत माणूस खुर्चीत बसला की पहिली गोष्ट ठिपके. तो पाणी प्यायला उठून परत बसला तरी पुन्हा ठिपके. नऊ वर्षं मी यंत्र कधी त्याशिवाय सुरू केलेलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही की घरी... मला वाटलं, पुढच्या वेळी लूर्दम्मा सुरू करील, ठिपके येतील, माझं पुसलं जाईल." तो खाली बसला. "मी फक्त एक 'हो' घेतला होता. एकच."

"आणि तो दिवसभर चालू राहिला," मादप्पा म्हणाले. "सकाळी संगणक न्यायला धावलास ते?"

"कळलं होतं मला. रात्री बातमी आली तेव्हाच. चार मापं, मागून घेतली म्हणे... सर, मला लगेच कळलं."

"आणि लूर्दम्मा बाकावर बसलीय, हे कळलं नव्हतं?"

 मादप्पांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता इथून सगळं पोलिसांचं, हे त्यालाही समजलं.

६

शनिवारी दुपारी लूर्दम्माला न्यायाधीशांपुढे नेण्याऐवजी मादप्पांनी स्वतःच्या गाडीतून दासांच्या घरी आणून सोडलं. कागदाचं काम बाकी होतं, पण तिच्यावर काही उरलं नव्हतं.

ती आत येईना. फाटकाशी उभी राहिली. वैजयंती बाहेर गेली, आणि दोघी एकमेकींना धरून बराच वेळ उभ्या होत्या. कोण कुणाला सावरत होतं, ते कळत नव्हतं.

मग ती माझ्याकडे आली. "सर, इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, यंत्र उलटं होतं. मी सुटले म्हणाले. पुढचं सांगितलं नाही. तुम्ही सांगा. त्यांनी मागितलं होतं का?"

खोटं बोलायला मी तयार होतो. देवाशप्पथ, होतो. पण ठाण्यात तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि त्या घरात उत्तरं उलटी करण्याचं काम पुरेसं झालं होतं.

"नाही," मी म्हटलं. "ते नको म्हणत होते. चारही वेळा."

ती मटकन खाली बसली. "आणि मी म्हणत होते, बरं हं अज्जा, देते हं. डोळे पुसत होते, आणि देत होते." तिने दोन्ही हात समोर धरून बघितले, पालथे आणि उताणे. "रडत होते ते, आणि मला वाटलं दुखतंय. यापेक्षा मला आतच ठेवलं असतं तर बरं होतं, सर."

"तू विचारलंस, लूर्दम्मा. त्या घरात सगळ्यांपेक्षा जास्त वेळा तूच विचारलंस."

"ऐकलं कुठे?"

रंगस्वामी पाणी घेऊन आला. तिने ते घेतलं नाही. वैजयंतीने तिच्या ओंजळीत पेला धरवला आणि तिच्या हाताखाली आपला हात ठेवला, तेव्हा ती प्याली.

आत मादप्पा संगणकाशी उभे होते. पुरावा म्हणून हवे तेवढे तुकडे त्यांनी उतरवून घेतले होते. सकाळी दहा वीसच्या कमळांची नोंद. अकरा वाजताच्या आमच्या कागदाच्या दोन 'हो'ची नोंद. दुपारचे सहा 'हो'. त्यापुढे अजून एक तास चित्रीकरण होतं, पाच वीसपासून सहा वीसपर्यंत. ते आम्ही कुणी बघितलं नव्हतं.

लूर्दम्मा दारात आली. तिच्यामागे वैजयंती.

"शेवटी ते कुठे बघत होते?" वैजयंतीने विचारलं. "नंजुंडण्णा, तुम्हाला डोळे वाचता येतात. दाराकडे बघत होते का? माझी वाट?"

"का माझ्याकडे?" लूर्दम्मा म्हणाली. "रागानं बघत होते का, तेवढं सांगा. मी सोसेन."

मादप्पांचं बोट बटणावर होतं. "लावू का, यजमान? न्यायालयाला या तुकड्याची गरज नाही. पण यांना हवंय."

खरं सांगतो, मलाही हवं होतं. ज्याच्या कथेत मी चाळीस वर्षं देव येताना बघितला, त्याच्या डोळ्यात शेवटी कोण आलं, हे त्या पेटीत होतं. हात पुढे केला की दिसणार होतं. सुमुखला जे हवं होतं, तेच. त्याच्यापेक्षा वेगळं काही मला हवं नव्हतं, आणि ते कळताच मी हात मागे घेतला.

"नको," मी म्हटलं.

"का?" वैजयंती ओरडली. "तो माझा बाप होता!"

"म्हणूनच. या चित्रीकरणाला ते महिन्यापूर्वीही नको म्हणाले होते, गुरुवारीही. लूर्दम्माला सोडवायला जेवढं लागलं तेवढं मी बघितलं, आणि त्याची क्षमा मी त्यांच्याकडे मागेन. या तासाला कुणाचा जीव अडलेला नाही. गुरुवारी त्या माणसाने किती वेळा नको म्हटलं, मुली? तुला, रंगस्वामीला, हिला, मला. एकानेही ऐकलं नाही. आज एकदा ऐकूया."

 वैजयंती पलंगाच्या कडेवर बसली, मग सरकून तिने लूर्दम्माला जागा करून दिली.

"पुसा," ती म्हणाली.

मादप्पांनी तो तास पुसायच्या परवानगीचा समितीचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी सही केली. त्यांनी बटण दाबलं, आणि पडद्यावर काहीच उरलं नाही.